छपरांवरून घरं: उपग्रहचित्रांतून शहराच्या इमारतींचा नकाशा, कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम सुरू करायच्या आधी नगररचनेच्या लोकांसोबत बसलो आणि एकच विचारलं, नकाशा हातात आल्यावर तुम्ही त्याचं नक्की करणार काय. "इमारतींचा नकाशा पाहिजे" असं सगळेच म्हणतात पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी असतं. पाणीपुरवठा बघणाऱ्यांना घरं किती ते पाहिजे, त्यावरून लाइन केवढी टाकायची ते ठरतं. पावसाळी गटारांचं डिझाइन करणाऱ्यांना घरांच्या संख्येशी फार घेणंदेणं नाही, किती जमीन छपराखाली आणि काँक्रीटखाली गेलीय ते त्यांना हवंय, कारण तिथे पाणी मुरत नाही, सगळं वाहून खाली येतं. आराखडा करणाऱ्यांना मोकळी जागा कुठे उरलीय आणि शहराची कड कुठवर सरकलीय ते बघायचंय. मालकीची हद्द या नकाशावरून ठरवायची नाही हे मात्र पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं, वरून दिसतं ते छप्पर, प्लॉटची हद्द नाही.

मग रिझोल्यूशनचा विषय, म्हणजे चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर केवढा. फुकट मिळणारी चित्रं आहेतच, लँडसॅट उपग्रहांचा पिक्सेल ३० मीटरचा आणि सेंटिनेल-२ उपग्रहांचा १० मीटरचा. शहर कुठल्या दिशेला पसरतंय हे बघायला ती छान आहेत आणि सेंटिनेलचं चित्र दर पाच दिवसांनी मिळू शकतं हे फार मोठं. पण १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, तेवढ्यात दाट वस्तीतली तीन-चार घरं बसतात, घर मोजणार कसं? म्हणून ५० सेंटिमीटरची चित्रं घ्यायची ठरलं. ३० सेंटिमीटरची अजून बरी असती पण तेवढ्या बजेटमध्ये अर्धंच शहर झालं असतं, आणि वगळायची वेळ आली की नेमक्या कडेच्या वस्त्याच वगळल्या जातात. अख्खं शहर ५० सेंटिमीटरमध्ये बघणं मला जास्त बरोबर वाटतं.

९ जानेवारी

नवीन काही करायच्या आधी जे तयार आहे ते बघितलं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर लोकांनी हाताने काढलेली घरं आहेत, जिथे कुणी मन लावून काम केलंय तिथे अप्रतिम आणि शेजारच्याच भागात काहीच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साधारण १२.५ कोटी इमारतींचे पॉलिगॉन (कडेने आखलेल्या आकृत्या) खुले केले होते, आता जगातल्या बऱ्याच भागाचे मिळतात. गूगलचा ओपन बिल्डिंग्ज हा तसाच डेटा २०२१ मध्ये आफ्रिकेपासून सुरू झाला आणि तिसऱ्या आवृत्तीत १८० कोटी पॉलिगॉन आहेत, प्रत्येकाला एक विश्वासाचा आकडा जोडलेला (ही खरंच इमारत आहे याची खात्री किती, १ पैकी), ०.६५ च्या खालचे त्यांनी दिलेलेच नाहीत.

तिन्ही लेयर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर टाकून तास दोन तास नुसतं फिरत बसलो. बंगल्यांच्या भागात तिन्ही जवळपास जुळतात, गोदामांच्या पट्ट्यातही. नाल्याकाठच्या वस्तीत आलं की एका लेयरमध्ये वीस घरांचा मिळून एक मोठा गोळा, दुसऱ्यात पाच-सहा तुकडे, तिसऱ्यात रिकामी जागा. आणि कुठला पॉलिगॉन कुठल्या तारखेच्या चित्रावरून आला हे कळत नाही, जे प्लॅनिंगवाल्यांना सगळ्यात आधी पाहिजे असतं.

हे डेटासेट एवढ्या मोठ्या प्रमाणावर खुले केले याबद्दल खरंच आभार मानायला हवेत, आपल्या कामाची सुरुवातच त्यांच्यामुळे सोपी झाली. पण ज्या वस्तीत पाण्याची लाइन टाकायचीय नेमकं तिथेच ते उणे पडतात, म्हणून आपलं काम करायचंच आणि पहिला जीव तिथेच ओतायचा.

१५ जानेवारी

चित्रं आली. पहिला अर्धा दिवस मेटाडेटा, म्हणजे चित्र कधी आणि कसं घेतलं त्याची माहिती, वाचण्यातच गेला आणि तो जायलाच पाहिजे, यात दोन कोन असतात ज्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

एक म्हणजे उपग्रह किती तिरका बघत होता. अगदी डोक्यावरून क्वचितच घेतात, बहुतेक चित्रं थोडी कलतीच असतात. तिरकं बघितलं की उंच इमारत एका बाजूला आडवी पडल्यासारखी दिसते, छप्पर एकीकडे, पाया दुसरीकडे, मधे भिंत. गणित सोपं आहे, उंची गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. ३० मीटर उंचीची इमारत आणि २५ अंशांचा कोन असेल तर छप्पर पायापासून १४ मीटर सरकतं! म्हणजे छप्पर जसंच्या तसं नकाशात उतरवलं तर इमारत चक्क रस्त्यात जाऊन बसते. त्याच चित्रात ३ मीटर उंचीचं बैठं घर १.४ मीटर सरकतं. हे कमी वाटतं, पण घरच पाच मीटरचं असलं की तेही कमी नाही. आमच्या चित्रांपैकी एक पट्टा बराच कलता आहे आणि नेमके टॉवर त्याच पट्ट्यात आलेत.

दुसरा कोन सूर्याचा. सूर्य खाली असला की सावल्या लांब, गल्ल्या काळ्या पडतात आणि बैठी घरं मोठ्या इमारतीच्या सावलीत बुडतात.

ठरवलं असं की लेबल करताना, म्हणजे कॉम्प्युटरला शिकवायला हाताने घरं काढताना, छप्पर काढायचं कारण तेच स्पष्ट दिसतं, आणि जिथे इमारत उंच आहे तिथे छपराच्या एका कोपऱ्यापासून त्याच कोपऱ्याच्या पायापर्यंत एक रेघ ओढायची, नंतर त्या रेघेएवढा अख्खा पॉलिगॉन सरकवायचा. छपराचा आकार तसाच राहतो, फक्त जागा बदलते. बैठ्या घरांसाठी अंदाजे एकच सरासरी सरकवणी पुरेशी आहे.

ऑर्थोरेक्टिफिकेशनने (चित्र जमिनीच्या उंचीप्रमाणे सरळ करून घेण्याने) हे सगळं सुटतं असा समज बऱ्याच जणांचा असतो, इथे पण बैठकीत तो निघालाच. त्यात जमिनीच्या चढउताराची दुरुस्ती होते, इमारतीच्या उंचीची नाही, कारण आपण वापरतो ते उंचीचं मॉडेल ३० मीटरच्या पिक्सेलचं असतं. एसआरटीएम या उंचीच्या मॉडेलचं मोजमाप तर फेब्रुवारी २००० चं आहे, त्यानंतर जिथे टेकडी कापली, खाण खोदली तिथे दुरुस्तीच चुकीची होते. त्यामुळे त्याच्या नंतरचं, म्हणजे २०११ ते २०१५ मधल्या रडार मोजमापावरून केलेलं कोपर्निकसचं मॉडेल घेतलं.

१७ जानेवारी

छोटी नोंद पण महत्त्वाची. क्षेत्रफळ काढताना प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवलीय ते, तपासा. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटरमध्ये असतात, त्यात विषुववृत्तापासून जसं लांब जाल तसं सगळं फुगतं. २० अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण १३ टक्के जास्त येतं आणि ६० अक्षांशावर चौपट. गटारांच्या डिझाइनमध्ये १३ टक्के म्हणजे गंमत नाही. सगळं काम आपल्या झोनच्या यूटीएममध्ये (त्या त्या पट्ट्यापुरतं मोजमाप बरोबर ठेवणारं प्रोजेक्शन) करायचं, फाइलच्या नावातच झोन टाकायचा, संपलं.

२७ जानेवारी

गेला आठवडा लेबलिंगच्या नियमांत गेला. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळ्यात कंटाळवाणं काम वाटतं, मला विचाराल तर सगळा नकाशा इथेच ठरतो, मॉडेल, म्हणजे चित्रांतून घरं ओळखायला शिकणारा प्रोग्राम, शेवटी आपण जे काढून दाखवलं तेच शिकणार.

एक टाइल (चित्राचा चौकोनी तुकडा) घेतली, नाल्याकाठच्या वस्तीची, आणि दोघांना वेगवेगळं बसवून काढायला सांगितली. पत्र्याची छपरं, काही नवीन पांढरीफटक, काही गंजून तपकिरी झालेली, मधेच निळी ताडपत्री, तिच्यावर कुणीतरी ठेवलेले टायर सुद्धा काळे ठिपके म्हणून दिसतात. पूर्ण झूम केलं की एक घर दहा बाय दहा पिक्सेलचं. आणि इथे अजून एक भानगड आहे, ५० सेंटिमीटरचं जे चित्र म्हणतो ते कृष्णधवल बँडमध्ये (बँड म्हणजे प्रकाशाचा एक पट्टा) ५० सेंटिमीटर असतं, रंगाचे बँड २ मीटरचे असतात आणि दोन्ही मिसळून पॅनशार्पन केलेलं चित्र बनतं. म्हणजे पाच मीटरच्या घराच्या वाट्याला रंगाचे पिक्सेल आडवे जेमतेम अडीच! शेजारच्या दोन पत्र्यांचे रंग एकमेकांत उतरतात ते यामुळे. रंगावर विश्वास ठेवून हद्द काढली की ती चुकणारच, म्हणून नियम केला की हद्द उजेड-सावलीच्या रेघेवरून काढायची आणि रंग फक्त शंका आली तर मदतीला घ्यायचा.

दोघांचे निकाल शेजारी ठेवले तर बंगल्यांत काही फरक नाही, वस्तीत मात्र एकाने जिथे एक घर काढलं तिथे दुसऱ्याने तीन. बराच वेळ वाद झाला आणि तो हवाच होता. एका लांब पत्र्याच्या छपरावर बारीक आडव्या रेघा होत्या, एक म्हणाला या पत्र्याच्या जोडाच्या रेघा आहेत, दुसरा म्हणाला घराघरांमधल्या भिंती आहेत. शेवटी उतारावरून ठरलं, दोन बाजूंचा उतार वेगळा असेल तर उजेड वेगळा पडतो आणि ते वेगळं छप्पर, उजेड सलग एकसारखा असेल तर एकच छप्पर धरायचं आणि "आत जास्त घरं असू शकतात" असा टॅग लावायचा. हा टॅग पुढे मॉडेलला लागणार नाही पण प्लॅनिंगला लागणार आहे.

बाकीचे नियम पटापट लिहून टाकले. मधलं अंगण मोकळं असेल तर पॉलिगॉनला भोक ठेवायचं, भरून टाकायचं नाही. गच्चीवरची टाकी, सोलर पॅनेल वेगळी काढायची नाहीत. बांधकाम चालू आहे, स्लॅब पडलेला नाही, नुसते कॉलम दिसतात, त्याला "चालू" टॅग. झाडाखाली गेलेलं छप्पर दोन्ही बाजूंनी दिसत असेल तर मधे जोडायचं, एकाच बाजूने दिसत असेल तर दिसतं तेवढंच. आणि लेबल करणाऱ्याला खरंच कळत नसेल तर तो भाग "माहीत नाही" म्हणून झाकायचा, ट्रेनिंगमध्ये त्या पिक्सेलचा लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) मोजायचाच नाही. अंदाजे काढलेल्या दहा घरांपेक्षा झाकलेली जागा बरी.

हाताने काढायला जोसम हे नकाशा काढायचं सॉफ्टवेअर वापरतोय, त्यात क्यू दाबलं की कोपरे काटकोनात बसतात, बंगल्यांच्या भागात त्याने वेग दुप्पट झाला. वस्तीत ते बटण वापरायचं नाही असं मुद्दाम सांगून ठेवलंय, तिथली घरं काटकोनात नाहीतच.

३ फेब्रुवारी

लेबलिंग चालू. बाकी विशेष नाही. शाळेच्या पटांगणावरचा मंडप एकाने इमारत धरला, तात्पुरत्या गोष्टींसाठी जुन्या चित्रात आहे का ते बघायचं असं ठरलं.

११ फेब्रुवारी

ट्रेनिंगला, म्हणजे मॉडेलला शिकवायला, सुरुवात. टाइल ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या. ट्रेनिंग आणि टेस्टच्या (शिकल्यावर परीक्षा घ्यायच्या) टाइल सरमिसळ करून वाटल्या की टेस्टची टाइल ट्रेनिंगच्या टाइलला खेटून येते, एकच इमारत अर्धी इकडे अर्धी तिकडे, मग आकडे छान येतात आणि नवीन भागात गेलं की मॉडेल तोंडावर आपटतं. म्हणून शहराचे मोठे चौकोनी ब्लॉक पाडले आणि अख्खे ब्लॉक टेस्टला बाजूला काढले, आणि त्यात बंगले, टॉवर, गोदामं, वस्ती सगळ्या प्रकारचे ब्लॉक येतील हे हाताने निवडलं.

मॉडेल यू-नेटच घेतलंय, मागे आधीच ट्रेन झालेला एन्कोडर (चित्रातली वैशिष्ट्यं टिपणारा भाग) लावून. यू-नेट २०१५ चं, मूळ काम होतं सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत पेशी वेगळ्या करायचं, आणि गंमत म्हणजे तिथली अडचण हीच होती, एकमेकींना चिकटलेल्या पेशी एकच गोळा होऊन बाहेर यायच्या. त्यांनी दोन पेशींमधल्या बारीक फटीतल्या पिक्सेलना लॉसमध्ये जास्त वजन दिलं. आमच्या वस्तीला नेमकं हेच औषध पाहिजे. त्यात अजून एक भर घातली, मॉडेलला फक्त "इमारत आहे / नाही" न विचारता तीन गोष्टी विचारायच्या, आतला भाग, कड, आणि दोन इमारती जिथे टेकतात ती जागा. ही तिसरी गोष्ट फार कामाची, इमारती काढायच्या स्पर्धांमध्ये ही युक्ती बऱ्याच जणांनी वापरलीय.

ट्रेनिंगला स्पेसनेट या उपग्रहचित्रांच्या स्पर्धांचा खुला डेटा पण आधी दाखवला आणि मग आपली लेबलं, नुसत्या आपल्या लेबलांवर सुरू करण्यापेक्षा हे नक्की बरं.

१९ फेब्रुवारी

पहिले निकाल. मोठ्या इमारती मस्त. चुकीच्या सापडलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे: उभे कंटेनर, डेपोतल्या बसेस (वरून बसचं टप आणि पत्र्याचं घर यात काही फरक नाही), शेतातली शेडनेट, टेनिसचं कोर्ट, कोरडा पडलेला तलाव एका ठिकाणी. या सगळ्या जागांच्या टाइल घर नसलेलं उदाहरण म्हणून ट्रेनिंगमध्ये घालतोय, याने फरक पडतो.

आता मुद्द्याचं. सरासरी आकडा चांगला आला म्हणून टीममध्ये सगळे खूश होते, तर मी घरं आकाराप्रमाणे गट करून परत मोजायला लावलं. हे का करायचं ते इथे सविस्तर लिहून ठेवतो कारण पुढे कुणीतरी विचारणारच.

घर सापडलं की नाही हे आयओयूवरून ठरवतात, म्हणजे आपला पॉलिगॉन आणि खरा पॉलिगॉन यांचा सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेला भाग, आणि तो ०.५ किंवा जास्त असेल तर सापडलं म्हणायचं. आता ४० मीटरची चौकोनी इमारत घ्या, आपल्या पिक्सेलमध्ये ८० बाय ८०. मॉडेलने चारही बाजूंनी दोन-दोन पिक्सेल कमी काढले तर उरलं ७६ बाय ७६, आयओयू ०.९०, झकास. तेच पाच मीटरच्या घराला करा, १० बाय १० चं ६ बाय ६ उरतं, आयओयू ०.३६, घर नापास! चूक तेवढीच, दोन पिक्सेलची. अजून बघा, आकार अगदी बरोबर काढला पण एक मीटर उजवीकडे आणि एक मीटर खाली सरकला, तर मोठ्या इमारतीला ०.९१ आणि छोट्या घराला ०.४७, परत नापास. आणि १५ जानेवारीच्या नोंदीत बघा, बैठं घर कलत्या चित्रात १.४ मीटर सरकतं असं लिहिलंय. म्हणजे मॉडेलने काही चूक न करता सुद्धा घर गायब होऊ शकतं.

आता उलटं, क्षेत्रफळाने सरासरी काढली तर काय होतं? एका गोदामाच्या छपरात अशी शेकडो घरं मावतात, त्यामुळे गोदामं बरोबर आली की टक्केवारी वर, वस्ती अख्खी गेली तरी आकड्याला ओरखडाही उठत नाही. पिण्याच्या पाण्याची लाइन या आकड्यावर ठरली तर ज्या भागात सगळ्यात जास्त माणसं राहतात तोच भाग कागदावर रिकामा दिसणार. म्हणून यापुढे या प्रकल्पात एक सरासरी आकडा कुठल्याही रिपोर्टमध्ये एकटा जाणार नाही, आकाराचे गट आणि भागांप्रमाणे आकडे, दोन्ही शेजारी पाहिजेत.

२० फेब्रुवारी

कालच्या विषयावर अजून थोडं, हे फक्त आमच्याच शहराचं नाही. स्पेसनेटच्या दुसऱ्या स्पर्धेत चार शहरं होती, लास वेगास, पॅरिस, शांघाय, खार्तूम, आणि चित्रं तर ३० सेंटिमीटरची. जिंकलेल्या मॉडेलचा एफ-वन (सुटलेली आणि खोटी घरं दोन्ही धरून काढलेला गुण, १ म्हणजे पूर्ण बरोबर) वेगासला साधारण ०.८८ आणि खार्तूमला ०.५४. एकच पद्धत, एकाच प्रकारचं चित्र! वेगासला घरं सुटी सुटी आणि एका साच्यातली, खार्तूमला भिंतीला भिंत, अंगणं, आणि छप्पर आणि जमीन जवळपास एकाच मातकट रंगाची. मॉडेल कितपत चांगलं या प्रश्नाला शहराचं, खरं तर मोहल्ल्याचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही.

२८ फेब्रुवारी

टेकण्याच्या जागेचा वेगळा वर्ग आणि फटीला जास्त वजन, दोन्ही मिळून वस्तीत चांगलाच फरक पडला. आधी जिथे गोळा यायचा तिथे आता घरं सुटी दिसायला लागलीत. आतल्या भागाला बी धरून वॉटरशेड नावाची पद्धत चालवतो आणि प्रत्येक घर बाहेर वाढवत कडेपर्यंत नेतो. थ्रेशोल्ड (मॉडेलची खात्री किती असली की घर धरायचं ती मर्यादा) मात्र सगळ्या शहराला एकच ठेवून चालत नाही, वस्तीत तो थोडा कमी लागतो नाहीतर गंजलेली छपरं सुटतात. भागाचा प्रकार ठरवून दोन थ्रेशोल्ड ठेवलेत.

टाइलच्या कडेला मॉडेल नेहमी कच्चं असतं कारण अर्धंच चित्र दिसतं, म्हणून टाइल एकमेकींवर चढवून घेतो आणि प्रत्येकीचा फक्त मधला भाग वापरतो. वेळ जास्त लागतो, लागू दे, नाहीतर नकाशात दर २५६ मीटरवर कापलेली घरं दिसतात.

६ मार्च

मास्कचे, म्हणजे मॉडेलने इमारत म्हणून रंगवलेल्या पिक्सेलचे, पॉलिगॉन करणं. पिक्सेलच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कडा कुणालाच नको असतात, म्हणून आधी डग्लस-प्यूकर या पद्धतीने कडेवरचे बिंदू कमी करायचे आणि मग कोपरे काटकोनात बसवायचे ही नेहमीची पद्धत. नकाशा एकदम देखणा होतो यात वाद नाही.

पण वस्तीवर तीच पद्धत लावून बघितली आणि मी लगेच बंद करायला सांगितली. तिथली घरं गल्लीच्या वळणाप्रमाणे वळलेली असतात, एक कोपरा दबलेला, एक भिंत तिरकी. काटकोन केला की घर गल्लीत घुसतं आणि दीड मीटरची गल्ली नकाशातून नाहीशी होते. आगीचा बंब कुठपर्यंत जाईल, ड्रेनेजची लाइन कुठून नेता येईल, हे सगळं त्या दीड मीटरवर आहे. एका ठिकाणी सलग सात-आठ घरं काटकोनात बसल्यावर गल्लीच पूर्ण बंद झाली होती, चित्रात मात्र ती उघडी, मधोमध कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगेसकट. तेव्हा काटकोन फक्त जिथे मूळ आकार त्याच्या जवळ आहे तिथेच, बाकीच्या ठिकाणी नुसतं हलकं गुळगुळीत करायचं. दिसायला ओबडधोबड दिसेल, चालेल.

१४ मार्च

प्रत्यक्ष जागेवर तपासणी. टेस्टच्या ब्लॉकमधूनच गल्ल्या निवडल्या होत्या, आवडीच्या नाही, यादृच्छिक. मोबाइलचं जीपीएस अरुंद गल्लीत पाच-दहा मीटर सहज भरकटतं, तेवढ्यात दुसरंच घर लागतं, त्यामुळे छापील नकाशा हातात घेऊन कोपऱ्यापासून घरं मोजत जायचं ही जुनी पद्धतच भरवशाची.

२७ जानेवारीला ज्या लांब पत्र्यावरून वाद झाला होता तिथेही गेलो. कागद बघून एक बाई म्हणाल्या, "दादा, हे तुम्ही एकच घर काढलंय, इथे चार बिऱ्हाडं आहेत, दारं मागच्या बाजूला आहेत." मागे जाऊन बघितलं, खरंच चार दारं, चार लाइटचे मीटर, छप्पर मात्र सलग एक. वर अर्धा माळा पण काढलेला, तोही भाड्याने. हे आकाशातून दिसणं शक्यच नाही, चित्र कितीही बारीक घेतलं तरी.

याचा अर्थ असा की छपरांच्या संख्येला घरटी माणसांच्या आकड्याने गुणून लोकसंख्या काढायची नाही. प्रत्येक प्रकारच्या भागात थोड्या गल्ल्या चालून छपरामागे कुटुंबं किती ते काढायचं आणि तो गुणक त्या भागालाच लावायचा. टॅग लावून ठेवला होता त्याचा इथे उपयोग झाला, टॅगवाली छपरं आधी तपासली. त्या बाईंनी अजून दोन जागा दाखवल्या जिथे छपरं दिसतात पण कुणी राहत नाही, एक भंगाराचं गोदाम आणि एक गोठा. नकाशात दुरुस्त केलं.

२२ मार्च

उंचीचा प्रयोग. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे इमारतीची उंची. सूर्य ५० अंशांवर असताना १० मीटर सावली म्हणजे साधारण १२ मीटर, म्हणजे चार मजले. सुट्या इमारतींना हे छान चालतं. दाट भागात सावली समोरच्या इमारतीच्या भिंतीवर चढते नाहीतर छपरावर पडते, लांबी कमी भरते आणि उंची कमी येते. त्यापेक्षा लेबल करताना छपरापासून पायापर्यंत ज्या रेघा ओढल्या होत्या त्यांच्यावरून टॉवरची उंची जास्त बरोबर निघते, तोच टॅन्जंट उलटा लावायचा.

मजल्यांचा कॉलम फक्त जिथे मोजता आला तिथेच भरलाय. बाकी रिकामा. रिकामा म्हणजे एक मजला नव्हे, हे कॉलमच्या वर्णनात ठळक लिहिलंय.

२ एप्रिल

नगररचनेसोबत बैठक. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "किती टक्के बरोबर आहे?" भागांप्रमाणे तक्ता समोर ठेवला आणि प्रत्येक भागात किती घरं सुटतात आणि किती खोटी येतात ते वेगवेगळं दाखवलं. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली की एकच आकडा द्या, पण गटारांवाल्या इंजिनिअर मॅडमनी लगेच मुद्दा पकडला, त्यांना बांधीव क्षेत्र पाहिजे आणि ते वस्तीत पण बऱ्यापैकी बरोबर आहे कारण घरं चिकटून आली तरी छपराखालची जमीन तेवढीच भरते. पाणीपुरवठ्याला मात्र संख्या पाहिजे, म्हणून त्यांनी त्या भागांत गुणकच वापरायचा. एकच लेयर, एका कामाला भरवशाचा आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांच्याच तोंडून आलं तेव्हा फार बरं वाटलं.

मग मी तो विषय काढला जो मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. ज्या वस्तीला कागदावर अस्तित्वच नव्हतं तिचं एकेक घर आता कोऑर्डिनेट्ससकट दिसणार आहे. याने तिथे पाणी येऊ शकतं, शौचालयं येऊ शकतात, आणि याच फाइलवरून घरं पाडायची यादी पण निघू शकते. फाइल कुणाच्या हातात जाते यावर सगळं आहे. बरीच चर्चा होऊन लेखी ठरलं की घराघराचा लेयर फक्त सेवांच्या आखणीसाठी विभागातच राहील, बाहेर देताना १०० मीटरच्या चौकटीत बेरीज करून द्यायचा, आणि वस्तीच्या पदाधिकाऱ्यांना त्यांच्या भागाचा छापील नकाशा द्यायचा, म्हणजे त्यांना चुका दाखवता येतील आणि मागणी करायला कागद पण हातात राहील. मला यापेक्षा घट्ट अटी हव्या होत्या. पुढच्या करारात त्या घालायला लावणार.

११ एप्रिल

दोन वर्षांपूर्वीच्या चित्रावर तेच मॉडेल चालवून बदल शोधायला घेतले. नुसती वजाबाकी केली तर जवळपास अख्खं शहर "नवीन" निघतं, कारण दोन चित्रं एकमेकांपासून दोन-तीन मीटर सरकलेली आणि उपग्रहाचा कोन वेगळा, टॉवर एकात पूर्वेला झुकलेले, दुसऱ्यात पश्चिमेला. आधी दोन्ही चित्रं रस्त्यांचे चौक धरून जुळवली, मग पॉलिगॉनला पॉलिगॉन जोडून ज्याला जवळपास जोडीदारच नाही तोच नवीन धरला. यादी आटोक्यात आली आणि त्यातलं बहुतेक खरं आहे, शहराच्या उत्तरेच्या कडेला एक पूर्ण नवीन पट्टा उभा राहिलाय जो सध्याच्या आराखड्यात शेती म्हणून रंगवलेला आहे.

दर वर्षी ५० सेंटिमीटरची चित्रं विकत घेणं परवडणार नाही. गूगलने २०२४ मध्ये सेंटिनेल-२ वरून २०१६ ते २०२३ चा वर्षावर्षाचा इमारतींचा डेटा काढलाय, साधारण ४ मीटरच्या बारकाव्याचा. एकेक घर त्यात नाही मिळणार पण कुठला भाग वेगाने भरतोय हे कळेल आणि तेवढ्याच भागाचं बारीक चित्र मागवता येईल. हे आमच्या पट्ट्यावर तपासून बघायचंय.

१८ एप्रिल

पहिली आवृत्ती दिली. जिओपॅकेज (नकाशाचे लेयर एकत्र ठेवणारी) फाइल, प्रत्येक पॉलिगॉनला चित्राची तारीख, मॉडेलचा विश्वासाचा आकडा, हाताने तपासलं का, छप्पर की पायाला सरकवलेलं, मजले (असतील तर), आणि "आत जास्त घरं" हा टॅग. सोबत भागांप्रमाणे चुकांचा तक्ता, तो वेगळ्या फाइलमध्ये न देता त्याच जिओपॅकेजमध्ये लेयर म्हणून घातलाय, म्हणजे नकाशा उघडला की तो पण उघडेल.

तीन वस्त्यांमध्ये मॉडेल अजून भरवशाचं नाही, तिथे ते वापरतच नाही, ते भाग हाताने काढतोय. नाल्याकाठचा भाग सोमवारपासून, ज्या बाईंनी बिऱ्हाडं दाखवली त्यांनी गल्लीतल्या दोन मुलांना नकाशा वाचायला शिकवायला सांगितलंय, त्यांना घेऊनच करू. उत्तरेच्या पट्ट्याचं नवीन चित्र मागवलंय, ढग नसलेलं मिळालं तर महिनाअखेर येईल.